सईची शंभर टक्के हजेरी

आमच्या सईची शाळेतली हजेरी शंभर टक्के होती, आणि ती शाळेत एकही दिवस गेली नव्हती. हे वाक्य मी आजवर तिघांना ऐकवलं. पहिल्याने मला पाणी दिलं. दुसऱ्याने ओळखीच्या डॉक्टरचा नंबर दिला. तिसऱ्याने विचारलं, "मग फी भरलीत की काय?" तिसरा आमच्याच पनवेलचा होता.

मी इंद्रजीत टिपणीस. उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कागदपत्रं तपासतो. वाचल्याशिवाय सही नाही, हे माझं ब्रीद. चारुता, म्हणजे माझी बायको, सांगते की लग्नाच्या रजिस्टरवर सही करण्याआधी मी मागची दोन पानं वाचली आणि गुरुजींना ताटकळत ठेवलं. हे खोटं आहे. एकच पान वाचलं होतं. तर अशा माणसाच्या मुलीचा शाळाप्रवेश एका शब्दावर, आणि तोही तोंडी, होऊन बसावा हे मला अजून पचलेलं नाही.

सई सहा वर्षांची, पहिलीत घालायची होती. शाळा दोन होत्या. एक घरापासून सात मिनिटांवरची, चंद्रावतीबाईंची जुनी मराठी शाळा. पत्र्याखाली सायकली, भिंतीवर पाढे आणि फी इतकी कमी, की चारुताला तिचाच संशय यायचा. दुसरी नेऱ्याच्या रस्त्याला, डोंगराखाली. नाव एक्विलॉन वर्ल्ड स्कूल. एक्विलॉन म्हणजे काय, हे तिथे कुणालाच सांगता आलं नाही, आणि तेच मला फार भारदस्त वाटलं. फी वर्षाला एक लाख पंच्याऐंशी हजार, बस वेगळी, आणि 'अनुभव शुल्क' वेगळं. कसला अनुभव, ते लिहिलेलं नव्हतं.

मध्यमवर्गीय माणूस असा निर्णय एकट्याने घेत नाही. तो आधी समोरच्या दाराची बेल वाजवतो. आमच्या समोर कृष्णकांतकाका आणि सुमतीकाकू राहतात. काका एसटीतून निवृत्त झालेत, त्यामुळे आयुष्यातला कुठलाही प्रश्न ते गाडीत बसवूनच सोडवतात.

"टिपणीस, पोरीच्या शिक्षणात हात आखडू नका," काका म्हणाले. "लाल डब्यातून गेलं काय आणि एसी गाडीतून गेलं काय, पोचतो माणूसच. पण एसीतला उतरताना वेगळा दिसतो."

"उतरतो त्याच स्टॉपला ना?" काकू आतून म्हणाल्या. "आमचा नातू विश्वजीत असल्याच शाळेत जातो. परवा म्हटलं, एकोणसाठ नंबरची बस आली का बघ. तर म्हणतो, आजी, नंबरमध्ये सांग ना."

मी एका कागदावर रेघ मारून डावीकडे फायदे आणि उजवीकडे तोटे लिहिले. दोन्हीकडे अकरा अकरा भरले. मग आम्ही एप्रिलमध्ये शाळा पाहायला गेलो.

फाटकाशी शकूमावशी बसायच्या. जवळच्याच गावातल्या, साठीच्या, खाकी शर्टाखाली नऊवारी. आत इतकी शांतता होती, की मला वाटलं सुट्टी आहे.

"मावशी, आज शाळा बंद आहे का?" मी विचारलं.

"नाय वो, चालू हाय," त्या म्हणाल्या. "साशे पोरं हायत आत. पर आवाज नाय करत. आमची भाताची शेतं व्हती हितं. झोडणीला चार बाया असायच्या, पर गलका यापरीस जास्त व्हता."

आम्हाला शाळा दाखवायला मनस्वी मॅडम आल्या. त्या भोपाळच्या, तीन महिन्यांपूर्वीच पनवेलला आलेल्या, फार गोड. त्यांनी एकेका वर्गाचं दार उघडलं. दार उघडलं की तीस मुलं एकदम उठायची, एकदम "गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग मॅम" म्हणायची आणि एकदम हसायची. कुणाचंही नाक गळत नव्हतं. पहिलीच्या वर्गात नाक गळणारं एकही मूल नाही, हे पाहून चारुताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र उगाच वाटलं म्हणून दार लागल्यावर मी काचेतून परत डोकावलो. मुलं उभीच होती आणि तशीच हसत होती. मी ते डावीकडे लिहावं की उजवीकडे, ते मला ठरवता आलं नाही.

शेवटी मॅडमनी त्यांच्या खोलीत बसवलं, कंप्युटर पुढे ओढला आणि विचारलं, "तो सर, क्या डिसाइड किया?"

मी घसा खाकरला. चारुता मात्र पर्स उचलून उठली. "बरं, येतो आम्ही," ती म्हणाली.

सईला आजीने शिकवलेलं, घरातून असो की दुकानातून, निघताना काय म्हणायचं ते. तीही म्हणाली, "मी पण येते."

मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी कंप्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि आमचे तिघांचेही हात हातात घेतले. नुसत्या निरोपाला इतकं आनंदित झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. भोपाळकडची पद्धत असेल, असं मी चारुताला रिक्षात म्हणालो. शाळेचं माहितीपत्रक ॲपमध्ये असतं म्हणून त्यांनी आमच्या फोनमध्ये ॲपही घालून दिलं होतं, आणि त्यासाठी सईचं पूर्ण नाव, पत्ता, आधार नंबर आणि फोटो घेतला होता.

मे गेला. आमचा निर्णय काही होईना. एकदा ठरलं होतं, पण त्याच दिवशी काकांनी एसी गाडीचं दुसरं उदाहरण दिलं. जून निम्मा झाला, दोन्ही शाळा सुरू झाल्या. चंद्रावतीबाई फोनवर म्हणाल्या, "कधीही आणा हो, नाव घालायला दोन मिनिटं लागतात." ज्या गोष्टीला दोन मिनिटं लागतात ती आमच्या घरात दोन महिने पडून राहते. चारुता एका विमा कंपनीचं काम घरूनच करते, त्यामुळे सई तिच्याजवळ घरीच होती.

पहिला संदेश शाळा सुरू झाली त्याच दिवशी सकाळी दहा चाळीसला आला. संदेश इंग्रजीत असत, मी मराठीत सांगतो. "सई आज वर्गात छान रमली." सई त्या वेळी आमच्या हॉलमध्ये उशांचं होडकं करून करंजाच्या बंदरावर पापलेटांचा लिलाव पुकारत होती.

"डेमो असणार," चारुता म्हणाली. "आपलं नाव घालून दाखवतात. काय सिस्टीम आहे बघ ना!"

फुकट मिळणारी गोष्ट नाकारायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हटलं, चालू आहे तोवर बघून घेऊ, निर्णयाला मदतच होईल. मग रोज दहा चाळीसला आम्ही दोघंही फोन उघडू लागलो, मी यार्डात आणि ती घरी. "सईने आज रांगेत कुणालाही ढकललं नाही." "सईने वर्तुळ न पुसता काढलं." "सईने मैत्रिणीला खोडरबर दिलं आणि परत मागितलं नाही." एकंदर मुलगी गुणाची होती. संध्याकाळी चहाच्या वेळी आम्ही तिचं कौतुक करायचो, आणि आमची सई शेजारी बसून ऐकायची.

दुसऱ्या आठवड्यात एक संदेश आला. "सईने वर्गाला सांगितलं, की पाल दिसली की तिचे बाबा स्टुलावर चढतात."

मी यार्डात होतो. ही गोष्ट घराबाहेर कुणालाही माहीत नव्हती, आणि मी स्टुलावर चढतो तो पालीला घाबरून नव्हे, ती नीट दिसावी म्हणून. मी चारुताला फोन केला. ती म्हणाली, तिने कुणाला सांगितलं नाही. मी काकांवर संशय घेतला. काका म्हणाले, "आम्हाला माहीत नव्हतं, पण आता झालं."

दोन दिवसांनी संदेश आला, "सईने डब्यातली दुधीची भाजी संपवली." त्या रात्रीच्या जेवणाला चारुताने मुद्दाम दुधी केला. आमच्या सईने वाटी दोन बोटांनी लांब सरकवली. चारुता दिवसभराची दमलेली, ती फाडकन म्हणाली, "शाळेत निमूट संपवतेस आणि घरी नखरे?"

बोलून झाल्यावर तिच्या हातातला डाव तसाच राहिला. मी पंख्याकडे बघू लागलो.

"तिथे भूक लागते," सई म्हणाली.

त्यानंतर आम्ही डेमो हा शब्द वापरणं सोडलं. पण ॲपही काढून टाकलं नाही. का, ते विचारू नका. खरं सांगायचं तर मला ती दुसरी सई आवडायला लागली होती. फी न भरता, डबा न करता, सकाळी न उठवता मिळालेली हुशार मुलगी कुणाला नको असते? यार्डात कंटेनरचे कागद तपासताना घड्याळ दहा पस्तीसकडे गेलं, की माझा हात आपोआप खिशाकडे जायचा.

मग फोटो आला. वर्गाचा, मागच्या बाजूने काढलेला. दुसऱ्या बाकावर एक मुलगी, दोन वेण्या, मान खाली घालून लिहिणारी. डोक्याच्या मागे भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन भोवरे. सईला दोन भोवरे आहेत. बारशाच्या दिवशी सुमतीकाकूंनीच ते पाहून, हिची दोन लग्नं होणार, असं जाहीर केलं होतं आणि माझ्या सासूबाई त्यांच्याशी वर्षभर बोलल्या नव्हत्या.

काकांनी भिंगातून फोटो पाहिला. "हल्ली एआयने असलं करतात," ते म्हणाले.

"एआयला भोवरे कुणी सांगितले?" काकू म्हणाल्या. मग त्या जरा थांबल्या. "बोलणार नव्हते, पण सांगते. रोज साडेतीन वाजता त्या शाळेची पिवळी बस आपल्या कोपऱ्यावर थांबते. दार उघडतं, कुणी उतरत नाही, मग दार लागतं. ड्रायव्हर आरशात बघून मान हलवतो आणि जातो."

"रूट लावलेला असेल," काका म्हणाले. "रिकामी असली तरी स्टॉप घ्यावाच लागतो. आम्हीही घ्यायचो."

"तुम्ही तर हात केला तरी थांबायचा नाहीत," काकू म्हणाल्या.

या सगळ्यात आमची सई हळूहळू गप्प होत गेली, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. आधी तो खेळ होता. मी घरी आलो की ती माझी बॅग ओढून विचारायची, "बाबा, आज मी काय केलं?" मी फोन काढून वाचून दाखवायचो. "आज तू कविता म्हटलीस." ती खूश व्हायची. पुढे ती खूश होईनाशी झाली, नुसती ऐकायची आणि मान डोलवायची. उशांचं होडकं सोफ्यावर परत गेलं. करंजाचा लिलाव बंद पडला. चारुता म्हणाली, शहाणी झाली हो. मीही म्हणालो, शहाणी झाली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी एक दिवस रजा घेऊन घरी होतो. सकाळी आठ वाजता सई प्लास्टिकच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली. हाताची घडी, पाठ ताठ. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी म्हटलं, "सयू, खेळत नाहीस?"

"आत्ता नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "ती वर्गात आहे ना. मी हलले की तिचं चुकतं."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाबा, तुम्हाला तीच हवी होती ना?" तिने विचारलं.

मला भीती वाटली. नंतर लाज वाटली, आणि ती भीतीपेक्षा जास्त होती. महिनाभर या पोरीसमोर बसून आम्ही तिच्याच नावाच्या दुसऱ्या पोरीचे गोडवे गात होतो. मी तिला उचलून घेतलं तर ती नेहमीपेक्षा हलकी लागली. तसं काही नसणार, पण मला लागली. चारुता कामावरून उठून दारात आली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिने फायद्या-तोट्याचा कागद फ्रिजवरून काढला आणि कचऱ्यात टाकला. "आत्ताच्या आत्ता बाईंकडे जाऊ," ती म्हणाली.

चंद्रावतीबाईंच्या शाळेत मधली सुट्टी होती. गलका असा की बाईंना खिडकी लावून घ्यावी लागली. बाईंनी सईचं नाव, जन्मतारीख, आधार नंबर सरकारी पोर्टलवर घातला, चष्मा वर केला आणि परत खाली केला.

"अहो, ही तर शिकतेय," बाई म्हणाल्या. "एक्विलॉन, पहिली ब. पोर्टल दुसऱ्यांदा नाव घेत नाही. आधीच्या शाळेचा दाखला आणा."

"बाई, ती आधीच्या शाळेत गेलीच नाही," मी म्हणालो.

"मग न गेल्याचा दाखला आणा."

"असा दाखला असतो?"

"नसतो," बाई म्हणाल्या. "म्हणून गेल्याचाच आणा." मग त्यांनी सईकडे नीट पाहिलं, ड्रॉवरमधून एक श्रीखंडाची गोळी काढून तिच्या हातात ठेवली आणि मला म्हणाल्या, "आणि लवकर आणा हो, टिपणीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने नेऱ्याच्या रस्त्याला निघालो. मी वाटेत भाषण तयार केलं होतं. त्यात ग्राहक मंच, वकील आणि 'एक जबाबदार नागरिक' हे शब्द होते. मनस्वी मॅडमनी दार उघडलं, सईचा गाल हलकेच ओढला आणि म्हणाल्या, "अरे सई, क्लास छोडके यहाँ कैसे?" माझं भाषण तिथेच संपलं.

"मॅडम, आम्ही प्रवेश घेतलाच नव्हता," मी म्हणालो. "कशावर सही केली नाही. मी वाचल्याशिवाय सही करत नाही."

"साइन तो बाद में होता है सर, फर्स्ट क्वार्टर के बिल के साथ. व्हर्बल कन्फर्मेशन है ना." त्यांनी कंप्युटर आमच्याकडे वळवला. तारीख, वेळ आणि खाली इंग्रजी अक्षरांत आमचेच शब्द. आई: येतो आम्ही. विद्यार्थिनी: मी पण येते. "मैं मराठी सीख रही हूँ," त्या अभिमानाने म्हणाल्या. "येतो मतलब वी आर कमिंग."

चारुताने कपाळावर हात मारला. मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ असतं. म्हणून 'येतो' म्हणतात.

"जाते टाइम येतो?" त्या म्हणाल्या. "तो आते टाइम?"

"आलो."

"और जब बिलकुल नहीं आना हो?"

मी विचार केला. "तेव्हाही येतोच म्हणतो," मी कबूल केलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सईकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "पर सर, बेटी ने तो वर्ड रखा. शी सेड मी येते. अँड शी केम."

खोलीतला एसी फार गार होता. मी म्हटलं, हजेरी मला दाखवा. त्या आम्हाला पहिली ब च्या दाराशी घेऊन गेल्या. हजेरी चालू होती. शिक्षिका खाली मान घालून एकेक नाव घेत होत्या आणि मुलं "प्रेझेंट मिस" म्हणत होती. सई माझं बोट धरून दारात उभी होती.

"सई इंद्रजीत टिपणीस."

"प्रेझेंट मिस."

आवाज वर्गातून आला. शिक्षिकांनी खूण केली आणि त्या पुढच्या नावाकडे गेल्या. माझ्या बोटावरची मूठ घट्ट झाली. मी खाली पाहिलं. सईचं तोंड मिटलेलं होतं.

"कोण बोललं?" मी वर्गाला विचारलं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. नंतर सगळ्यांनीच दाखवलं. शिक्षिका म्हणाल्या, पूर्ण हजेरी असली की वर्गाला तारा मिळतो, म्हणून मुलं एकमेकांच्या नावाने बोलत असतील, सहा वर्षांची आहेत. हे पटण्यासारखं होतं. मी ते ताबडतोब पटवून घेतलं.

दाखला निघायला तास लागला. शाळा सोडण्याचं कारण निवडावं लागतं. मी 'इतर' निवडून लिहिलं, 'कधीच आली नव्हती.' कंप्युटरने ते घेतलं नाही, कारण हजेरी शंभर टक्के होती. 'चुकून आली होती' तेही घेतलं नाही. शेवटी 'पालकांची इच्छा' चाललं. मग मॅडम म्हणाल्या, ओळखपत्र जमा करा. मी म्हटलं, आम्हाला मिळालंच नव्हतं. "हाँ, वो तो यहीं है," असं म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला. ओळखपत्रावर सईचा फोटो होता, कोपरे झिजलेले, आणि गळ्यातल्या दोरीचं एक टोक चावून चावून विरलेलं. सई विचारात पडली की फ्रॉकची कॉलर चावते. चारुताने ते पाहिलं आणि पर्सची चेन दोनदा उघडून दोनदा लावली.

दाखल्यावर लिहिलं होतं, वर्तणूक उत्तम, प्रगती उत्तम. निघताना चारुताच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला. तो तिने गिळला आणि नुसती मान हलवली. आम्ही काहीच न बोलता बाहेर पडलो. मी तरी त्या वेळी मनात म्हणत होतो, की सुटलो.

बाराच्या आत चंद्रावतीबाईंनी नाव घालून घेतलं. खरोखर दोनच मिनिटं लागली. उद्यापासून शाळा, दप्तर नाही मिळालं तरी चालेल, पाटी आणा, असं त्या म्हणाल्या. येताना मी जिलबी घेतली. काका-काकू आले. काका म्हणाले, शेवटी लाल डबाच खरा, आणि काकू म्हणाल्या, हे तुम्ही म्हणालात का कधी? सई दोन जिलब्या खाऊन, बोटं चाटून, महिन्याभरात पहिल्यांदा जरा मोठ्याने बोलली. तिने विचारलं, बाईंच्या शाळेत ओरडलं तर चालतं का? मी म्हटलं, चालतं. फी कमी आहे ती त्यासाठीच.

मी ॲप काढून टाकायला फोन हातात घेतला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तेवढ्यात संदेश आला.

"बसच्या यादीत सईचं नाव आढळत नाही. सई फाटकापाशी उभी आहे. कृपया घेऊन जावे."

मी तो मोठ्याने वाचला, ही माझी चूक. काका म्हणाले, "मशीन आहे. उडवा ते." चारुता म्हणाली, "उडव रे." पण ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी अंगठा पुढे नेला.

"तिला कोण घ्यायला जाणार?" सईने विचारलं.

"बाळा, तिथे कुणी नाहीये."

"मग ती एकटीच असेल," सई म्हणाली.

"अगं, म्हणजे तीही नाहीये."

सईने जरा विचार केला. "नाव तुम्हीच काढलंत ना यादीतून?" ती म्हणाली. "मग तिला कसं कळणार कुठे जायचं ते?" तिच्या आवाजात रडू नव्हतं. मी यार्डात कागदपत्रांतली चूक दाखवतो, तशी ती मला चूक दाखवत होती, आणि ती बरोबर होती. महिनाभर आम्ही त्या मुलीच्या जिवावर संध्याकाळचा चहा गोड केला होता, आणि आज एका तासात तिला 'पालकांची इच्छा' म्हणून मोकळे झालो होतो. सुमतीकाकूंनी उठून दाराशी पडलेल्या माझ्या चपला सरळ करून ठेवल्या.

मी स्कूटरची किल्ली घेतली. सईही आली.

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. बसेस गेल्या होत्या. डोंगरावरून ढग खाली आले होते आणि शाळेच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. शकूमावशी फाटकाची साखळी हातात घेऊन उभ्या होत्या.

"आलात का तुमी?" त्या चिडून म्हणाल्या. "किती येळ लावायचा तो? पोर कवाची उबी हाय."

"कुठली पोर, मावशी?" मी विचारलं.

त्यांनी फाटकाच्या खांबाकडे बघितलं, मग माझ्यामागे उतरलेल्या सईकडे बघितलं, आणि परत खांबाकडे. त्यांचा राग गेला. "न्या बाबा घरी," त्या म्हणाल्या. "आमाला बी घरी जायचं हाय."

सई खांबापाशी गेली. तिथे ती थोडा वेळ उभी राहून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायला पुढेही झालो नाही. शकूमावशींनी साखळी लावली, कुलूप ओढून पाहिलं आणि मागे न बघता गावाच्या वाटेला लागल्या.

सई परत येऊन स्कूटरवर चढली. माझ्या पाठीला अगदी चिकटून, पुढे सरकून बसली, आणि सीटवर मागे वीतभर जागा राहिली. मी वळून बघितलं नाही.

"बसलात का गं दोघी?" मी विचारलं.

"हो," सई म्हणाली.

मी आणखी थोडा वेळ थांबलो. मग स्कूटर सुरू केली.